प्रार्थनामेळ्याहून परततांना
(पाठ : लूक 2:41-51)

योसेफ व मरीया प्रतिवर्षीं वल्हांडणासाठीं यरुशलेमास जात. येशू 12 वर्षांचा असतां तोही बरोबर होता. परततांना तो सोयऱ्यांत असेल असें समजून तीं एक दिवसाची वाट चालून गेलीं. मग तीन दिवसांनंतर तो मंदिरांत ऐकत व प्रश्न विचारीत सांपडला.

बंधुभगिनींनो, आपणही मुलांबाळांसह प्रार्थनामेळ्यास जातों. तेथें अश्रु ढाळून घरीं येतांच जुनें भांडण उकरलें, तर प्रभु मागेंच राहिला! तो सोबत आहेच असें समजून चालूं नये. घरीं पोहोंचाल त्याच रात्रीं सर्वांनीं एकत्र गुडघे टेकावे, आणि काय ऐकलें हें प्रथम लेकरांस विचारावें. शोधणाऱ्या आईबापांबरोबर येशू नासरेथास परत गेला. तो आपल्याही घरीं येईल.