आधी रेघ, मग लाकूड

लाकडी पेन लेथवर कातणारा किंवा कातून घेणारा माणूस बहुतेक वेळा लाकडापासून सुरुवात करतो. शिसमाच्या रेषा मनात भरतात, बाभळीचा तांबूस गाभा आवडतो, आणि पेन कोणाच्या हातात जाणार हा प्रश्न मागे पडतो. उजव्या हातानं लिहिणाऱ्याचं त्यात फारसं बिघडत नाही, डावखुऱ्याचं मात्र बिघडतं. मग ते देखणं पेन टेबलावर नुसतं उभं राहतं. म्हणून माझं म्हणणं असं की, डावखुऱ्यासाठी पेन करायचं तर विचार रेघेपासून सुरू करावा. रेघेवरून टोक ठरवावं, टोकावरून पकड, आणि लाकूड सगळ्यात शेवटी निवडावं.

याचं कारण आपल्या लिपीतच आहे. डावीकडून उजवीकडे लिहिताना उजवा हात पेन ओढतो, डावा हात ते ढकलतो. धातूची निब ओढण्यासाठी घडवलेली असते. ढकलली की ती कागदाच्या तंतूंत रुतते. रोमन लिपीत लांब आडवी रेघ क्वचित येते. मराठीत प्रत्येक शब्दावर शिरोरेखा असते, म्हणजे शब्दागणिक एकदा ढकलणं आलंच. शिवाय ही रेघ आपण शब्द पुरा झाल्यावर मारतो, तेव्हा डाव्या हाताची बोटं नुकत्याच लिहिलेल्या ओल्या अक्षरांवरून पुन्हा फिरतात आणि शाई फासली जाते. यावर सोपा उपाय आहे: शिरोरेखा उजवीकडून डावीकडे ओढावी. त्यानं मुलांचं वळण बिघडेल, अशी शंका शिक्षक घेतील. पण मोडी लिहिणारे आधी ओळभर रेघ आखून घेत आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत. रेघ केव्हा आणि कशी मारायची हे कायमचं ठरलेलं नव्हतं. कागदावर रेघेचा सरळपणा दिसतो, दिशा दिसत नाही. सोबत कागदही थोडा फिरवावा, वरचा डावा कोपरा वर आणि उजवा खाली, म्हणजे मनगट न वाकवता हात ओळीच्या खाली राहतो. बोरूच्या काळी टोकाचा तिरका छाट चाकूनं आपल्या हाताप्रमाणे देता येई. तयार निब आली आणि ती मुभा गेली. जगात दहातला साधारण एक माणूस डावखुरा आहे. 20 लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे प्रमाण 10.6 टक्के निघालं. इतक्या लोकांसाठी ही मुभा परत मिळवणं हेच हातानं पेन घडवण्याचं खरं प्रयोजन आहे, असं मला वाटतं.

दहा रुपयांच्या बॉलपेननं काम भागतं, मग हा खटाटोप कशाला, असं कोणी विचारेल. प्रश्नातला अर्धा भाग बरोबरच आहे. बॉलपेनची तेलकट शाई लवकर वाळते, जेलची ओली राहते. म्हणून डावखुऱ्याचं पहिलं लाकडी पेन बॉलपेनच असावं, तेही कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी पार्कर पद्धतीची रिफिल बसेल असं. फाउंटन पेनच हवं असेल तर गोल टोकाची निब घ्यावी, चपट्या टोकाची नको, आणि शाई लवकर वाळणारी असावी. पण स्वस्त पेनात एक गोष्ट मिळत नाही, ती म्हणजे जाडी. डावखुऱ्यानं पेन टोकापासून तीनेक सेंटिमीटर मागे धरलं तर लिहिलेलं दिसतं आणि बोटं शाईपासून दूर राहतात. तिथेच 11-12 मिलिमीटर जाडीचा फुगवटा हवा. तयार किटमधली 7 मिलिमीटरची पितळी नळी आणि तिच्याबरोबरचे अरुंद सुटे भाग पेन बारीक करून टाकतात. बारीक पेन आवळून धरावं लागतं, आणि आवळलेला हात अधिकच जोरानं ढकलतो. लाकडावर सुपरग्लू लावून आणलेली काचेसारखी चकाकी आमच्या सोलापूरच्या उन्हाळ्यातल्या घामेजल्या बोटांतून निसटते. त्यापेक्षा तेल-मेणाचा हात बरा. तो मळतो, हे खरं. मळू द्यावा, वर्षातून एकदा बारीक पॉलिशपेपर फिरवून पुन्हा तेल द्यावं.

आता लाकूड. सोलापुरात मे महिन्याच्या दुपारी पारा 43-44 अंशांवर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. ऑगस्टमध्ये तीच हवा दमट असते. लाकूड या हवेबरोबर आडव्या अंगानं आकसतं आणि फुगतं, आतली पितळी नळी त्या मानानं तशीच राहते. नळीभोवतीची लाकडाची भिंत जेमतेम दोन मिलिमीटरची, त्यामुळे ओलं लाकूड कातलं तर पहिल्याच उन्हाळ्यात ते उभं तडकतं. ओली बाभूळ तोडून लगेच पेन करण्याच्या मोहात पडू नये. तुकड्यांच्या टोकांना मेण लावावं, ते सावलीत ठेवावेत, दर आठवड्याला ग्रॅमच्या काट्यावर तोलावेत आणि वजन उतरायचं थांबल्यावरच लेथवर चढवावेत. या शहराकडे याहून चांगला साठाही आहे: यंत्रमागांचे जुने लाकडी धोटे आणि पाडलेल्या वाड्यांचं सागवान, ज्यांनी वर्षानुवर्षं इथले उन्हाळे सोसले आहेत. फक्त धोट्याची पोलादी टोकं आणि सागवानातले मोडके खिळे आधी शोधून काढावे लागतात. लोहचुंबक फिरवल्याशिवाय असा तुकडा कातायला घेऊ नये.

कातताना मास्क हवाच. लाकडाच्या भुशाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं 1995 साली कर्करोगकारक ठरवलं आहे, आणि शिसमाची धूळ अनेकांच्या कातडीला खाज आणते. सैल बाही, ओढणी, हातमोजे लेथजवळ नकोत. आणि खरं लाकूड कातण्याआधी एखाद्या टाकाऊ तुकड्याचा नुसता आकार काढून तो लिहिणाऱ्याच्या डाव्या हातात द्यावा, रिफिल बसवून चार ओळी मराठी शिरोरेखेसकट लिहून घ्याव्यात, आणि बोटं जिथे टेकली तिथे पेन्सिलीनं खूण करावी.