भिंतीचे कान कसे शोधतात?

भिंतीलाही कान असतात, ही म्हण ऐकतच आपण मोठे झालो. घरात ती कोणी म्हटली की अर्थ एवढाच असायचा, ‘जरा हळू बोल, शेजारी ऐकतील.’ कौटिल्याने मात्र हा विषय फार गंभीरपणे घेतला होता. राजाची मसलत पोपट, मैना, कुत्रे अशा प्राण्यांमुळेही फुटल्याचे ऐकिवात आहे, म्हणून मसलतीची जागा पक्ष्यांनाही दिसणार नाही अशी असावी, असे ‘अर्थशास्त्रा’त सांगितले आहे.

आज पोपटाची जागा लहानशा यंत्राने घेतली आहे. भिंतीवरचे घड्याळ, मोबाइलचा चार्जर, धूर ओळखणारे यंत्र, अशा कोणत्याही वस्तूत मायक्रोफोन किंवा कॅमेरा बसू शकतो. अशा छुप्या यंत्राला ‘बग’ म्हणतात. बग शोधण्याचे एक स्वतंत्र शास्त्र आहे आणि तो अनेकांचा व्यवसायही आहे. त्याचे नाव ‘टेक्निकल सर्व्हेलन्स काउंटर-मेझर्स’, थोडक्यात टीएससीएम. एका पूर्ण तपासणीला ‘स्वीप’ म्हणतात, म्हणजे खोली अक्षरशः झाडून काढणे. हे काम कसे चालते, ते दोन खऱ्या घटनांच्या आधारे समजून घेऊ.

मॉस्कोतली लाकडी भेट

४ ऑगस्ट १९४५. दुसरे महायुद्ध संपत आले होते. अमेरिका आणि सोव्हिएत संघ तेव्हा मित्रराष्ट्रे होती. मॉस्कोत ‘यंग पायोनियर’ या संघटनेच्या मुलांनी अमेरिकेचे राजदूत ॲव्हरेल हॅरिमन यांना लाकडात कोरलेली अमेरिकेची राष्ट्रमुद्रा भेट दिली. मध्यभागी पंख पसरलेला गरुड होता. ती मुद्रा राजदूतांच्या निवासस्थानी, ‘स्पासो हाउस’मधल्या अभ्यासिकेच्या भिंतीवर लावण्यात आली. पुढे सात वर्षे ती तिथेच होती. एकामागून एक चार राजदूत तिच्यासमोर बसून बोलले.

१९५१ मध्ये मॉस्कोतल्या एका ब्रिटिश रेडिओ ऑपरेटरला आपल्या संचावर अमेरिकन माणसांचे संभाषण ऐकू आले. म्हणजे खोलीत बग होता हे नक्की. पण शोधूनही तो सापडेना. शेवटी १९५२ मध्ये तंत्रज्ञांनी राजदूत जॉर्ज केनन यांना एक विनंती केली. तुम्ही नेहमीप्रमाणे अभ्यासिकेत बसा आणि सेक्रेटरीला मजकूर सांगत राहा. केनन एक जुनाच मजकूर मोठ्याने सांगत राहिले आणि तंत्रज्ञ आपली यंत्रे घेऊन खोलीभर फिरू लागले. संकेत मुद्रेच्या बाजूने येत होता. त्यांनी मुद्रा खाली उतरवून मागची भिंत फोडली. भिंतीत काहीच नव्हते. मग मुद्राच फोडली, आणि बग हाती लागला.

त्यात ना बॅटरी होती ना वायर. चांदीचा मुलामा दिलेले तांब्याचे एक छोटे पोकळ भांडे, त्याच्या तोंडावर ढोलकीच्या पुडीसारखा ताणलेला धातूचा अतिशय पातळ पडदा आणि वीतभर लांबीची एक ॲन्टेना, एवढेच. बाहेरून कोणीतरी रेडिओ लहरींचा झोत खोलीवर सोडायचा. कोणी बोलले की पडदा थरथरायचा, त्यामुळे भांड्याची विद्युत धारकता बदलायची आणि परत फिरणाऱ्या लहरींवर त्या आवाजाची छाप उमटायची. झोत बंद केला की उरायची ती फक्त लाकडी मुद्रा. हे यंत्र बनवले होते लेव्ह थेरेमिन या शास्त्रज्ञाने. हात न लावता वाजणाऱ्या ‘थेरेमिन’ या वाद्याचा जनक तोच.

अमेरिकेने ही गोष्ट आठ वर्षे गुप्त ठेवली. १ मे १९६० रोजी सोव्हिएत संघाने अमेरिकेचे यू-२ हे हेरगिरीचे विमान पाडले. त्यानंतर वाद संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत गेला, तेव्हा अमेरिकेचे प्रतिनिधी हेन्री कॅबट लॉज यांनी तो गरुड सगळ्या जगासमोर उघडून दाखवला.

बगच्या चार गरजा

या घटनेतून एक सूत्र मिळते. बग दिसायला कसाही असो, त्याला चार गोष्टी लागतात.

१. आत येण्याची वाट. कोणीतरी तो आणून ठेवलेला असतो: भेट, दुरुस्ती, रंगकाम, नवे फर्निचर.
२. कान किंवा डोळा. आवाजासाठी छिद्र हवे, कॅमेऱ्यासाठी भिंग हवे.
३. ऊर्जा. बॅटरी, घरातली वीज किंवा मॉस्कोसारखा बाहेरचा झोत.
४. माहिती बाहेर जाण्याची वाट. रेडिओ लहरी, वायर, वाय-फाय, सिमकार्ड किंवा मेमरी कार्ड.

प्रत्येक गरज भागवताना काही ना काही खूण मागे राहते. चांगला तपासनीस यंत्राचा आकार शोधत नाही, तर या चार खुणा शोधतो. मॉस्कोच्या बगला बॅटरी नव्हती, म्हणून तिसरी खूण जवळजवळ नव्हतीच. पण चौथी गरज त्यालाही टाळता आली नाही. बाहेर जाणाऱ्या लहरींनीच त्याला पकडून दिले.

स्वीप कसा होतो?

पहिला नियम असा की ज्या खोलीवर संशय आहे, तिथे तपासणीची चर्चा करायची नाही आणि तिथल्या फोनवरून तपासनिसांना बोलवायचेही नाही. ऐकणारा सावध झाला तर तो दुरूनच बग बंद करील.

मग सुरू होते हाताने आणि डोळ्यांनी करायची झडती. सगळ्यात जास्त वेळ यातच जातो. स्विचबोर्डच्या स्क्रूवर ताजे ओरखडे आहेत का? भिंतीच्या एका चौकोनाचा रंग वेगळा दिसतो का? फळीखाली छिद्र पाडल्याचा भुसा पडला आहे का? एखादा चार्जर त्याच कंपनीच्या दुसऱ्या चार्जरपेक्षा जड का लागतो? इथे मला आमचा किट लेआउट आठवतो. प्रत्येक कॅडेटच्या पलंगावर सामान त्याच क्रमाने मांडलेले असते, म्हणून कमी असलेली किंवा जास्तीची वस्तू सरांना दारातूनच दिसते. तपासनीसही पहिल्या भेटीत खोलीचे फोटो काढून, सॉकेटवर खुणेचे सील लावून ठेवतो. पुढच्या वेळी त्याला फक्त फरक शोधायचा असतो.

त्यानंतर येतात उपकरणे. स्पेक्ट्रम ॲनालायझर खोलीतल्या सगळ्या रेडिओ लहरी पडद्यावर दाखवतो. खोलीबाहेरचे चित्र आणि आतले चित्र यांची तुलना केली जाते. आत जास्तीचा संकेत असेल तर त्याचा माग काढतात. थर्मल कॅमेरा चालू यंत्राची ऊब दाखवतो. टेलिफोन, वीज आणि संगणकाच्या तारा वेगळ्या तपासतात.

सगळ्यात मनोरंजक उपकरण म्हणजे नॉन-लिनिअर जंक्शन डिटेक्टर. तो एका ठरावीक वारंवारतेच्या लहरी सोडतो. डायोड, ट्रान्झिस्टर अशा अर्धवाहक भागांवर त्या आदळल्या की दुप्पट आणि तिप्पट वारंवारतेच्या लहरी परत येतात. समजा, ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी सोडल्या, तर १८०० आणि २७०० वर उत्तर मिळते. गंजलेला खिळासुद्धा उत्तर देतो, पण त्याचे उत्तर मुख्यतः तिप्पट वारंवारतेवर असते. म्हणून तपासनीस दोन्ही उत्तरांची तुलना करतो आणि भिंतीवर रबरी हातोडीने टकटकही करतो. गंजाचा संकेत टकटक केल्यावर हलतो, अर्धवाहकाचा स्थिर राहतो. विशेष म्हणजे बग बंद असला किंवा त्याची बॅटरी संपलेली असली, तरी हा डिटेक्टर त्याला शोधू शकतो.

आता गंमत पाहा. मॉस्कोच्या गरुडात डायोड नव्हता आणि ट्रान्झिस्टरही नव्हता. म्हणजे असे उत्तम उपकरण समोर धरले असते, तरी त्याला ओळखण्यासारखे काही मिळाले नसते. कोणतेही एक यंत्र सगळे बग शोधत नाही. एकाची नजर जिथे पोहोचत नाही, तिथे दुसरे लागते.

टाइपरायटरमधला बग

दुसरी घटना १९८४ सालची, पुन्हा मॉस्कोचीच. आपल्या दूतावासातून माहिती फुटत असल्याचा अमेरिकेला संशय आला. या वेळी त्यांनी तिथे स्वीप केला नाही. दूतावासातली सुमारे ११ टन उपकरणे बदलून नवी बसवली आणि जुनी सगळी तपासणीसाठी मायदेशी नेली. या मोहिमेचे नाव होते ‘गनमॅन’.

तिथे तंत्रज्ञ एकेका यंत्राचे एक्स-रे काढत बसले. जुलैमधल्या एका संध्याकाळी एका तंत्रज्ञाला एका आयबीएम टाइपरायटरच्या स्विचवर तारेचे एक जास्तीचे वेटोळे दिसले. त्याने मग वरपासून खालपर्यंत सगळ्या टाइपरायटरचा एक्स-रे काढला. भरीव वाटणाऱ्या धातूच्या एका पट्टीच्या पोटात इलेक्ट्रॉनिक सर्किट भरलेले निघाले! टाइप करताना यंत्राचे जे भाग हलतात, त्यांच्यामुळे होणाऱ्या चुंबकीय बदलांवरून कोणते अक्षर दाबले हे ते ओळखत होते आणि रेडिओने बाहेर पाठवत होते. मॉस्को आणि लेनिनग्राडमधल्या अशा एकूण १६ टाइपरायटरमध्ये बग सापडले.

इतकी वर्षे ते सापडले का नाहीत? हे बग दुरून बंद करता येत होते. शिवाय त्यांच्या लहरी दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणाजवळच्या होत्या, गर्दीत चोर मिसळावा तशा. पण पट्टीच्या आत बसायला जागा त्यांनाही लागली आणि वीज घ्यायला वेटोळे लागले. खूण राहिलीच. ती दिसली, कारण पाहणाऱ्याला मूळ टाइपरायटर आतून कसा असतो हे पाठ होते.

आपल्या घरी

हे सगळे राजदूतांपुरतेच आहे असे समजू नका. आज छुपे कॅमेरे स्वस्तात मिळतात. भाड्याची खोली, हॉटेल, दुकानातली ट्रायल रूम अशा ठिकाणी ते सापडल्याच्या बातम्या आपण वाचतो.

माझी ताई या वर्षी शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात राहायला गेली. सुट्टीत खोली पाहायला आई-बाबांबरोबर मीही गेलो होतो. मी खिडक्या लावून, अंधार करून, मोबाइलचा टॉर्च डोळ्याजवळ धरला आणि भिंतीवरून हळूहळू फिरवला. कॅमेऱ्याचे भिंग असेल तर ते रात्री मांजराच्या डोळ्यांसारखे चमकते. डोळा थोडा बाजूला नेला की चमक नाहीशी होते. काही कॅमेरे अंधारात पाहण्यासाठी अवरक्त दिवे वापरतात, ते मोबाइलच्या कॅमेऱ्यातून जांभळट ठिपक्यासारखे दिसू शकतात. तुमच्या मोबाइलला ते दिसतात का, हे आधी टीव्हीच्या रिमोटवर तपासून घ्या. पलंगाकडे किंवा बाथरूमकडे तोंड असलेली घड्याळे, सॉकेट आणि धूर ओळखणारी यंत्रे नीट पाहा.

मी टॉर्च फिरवत होतो तेव्हा आई घरमालकीणबाईंना शांतपणे विचारत होती, ‘काकू, याआधी इथे कोण राहायचे? खोलीच्या किल्ल्या किती आहेत आणि कोणाकोणाकडे आहेत?’ बाबांनी त्याच दिवशी काकूंच्या परवानगीने नवे कुलूप आणले. आईने टीएससीएमचे नावही ऐकलेले नाही, पण तिने चारपैकी पहिल्या गरजेवरच बोट ठेवले होते: आत येण्याची वाट.

छुपे यंत्र सापडले तर त्याला हात लावू नका आणि ते काढूही नका; त्यावर बोटांचे ठसे असू शकतात. शक्य असल्यास फोटो घ्या, खोलीबाहेर या आणि ११२ वर पोलिसांना कळवा. कायदा तुमच्या बाजूने आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई नुसार एखाद्याच्या खासगी अवयवांचे चित्र संमतीशिवाय टिपणे किंवा पसरवणे यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये स्त्रियांचे असे छुपे चित्रीकरण हा वेगळा गुन्हा आहे.

‘काही आढळले नाही’ याचा अर्थ

ताईच्या खोलीत आम्हाला काही आढळले नाही. पण या तीन शब्दांचा अर्थ नीट समजायला हवा. व्यावसायिक तपासनीस ‘खोली सुरक्षित आहे’ असे कधीच लिहून देत नाहीत. अमुक तारखेला, अमुक वेळी, अमुक पद्धतींनी तपासले आणि काही आढळले नाही, एवढेच ते लिहितात. पहाऱ्यावरचा जवान ‘सब ठीक’ म्हणतो, तेव्हा तो आपल्या हद्दीबद्दल आणि आपल्या पाळीबद्दल बोलतो. पुढच्या पाळीला पुन्हा कोणी तरी उभे राहावेच लागते.

याचा अर्थ सतत घाबरून जगायचे असा नाही. प्रत्येक भेटवस्तूत बग पाहणारा माणूस कोणाशीच मोकळेपणाने बोलू शकणार नाही. ताईला तिच्या खोलीत निश्चिंतपणे झोपता यावे, आईशी फोनवर हवे ते बोलता यावे, यासाठीच तर तपासायचे. नीट तपासा, नोंद ठेवा, मग निर्धास्त राहा आणि ठरावीक काळाने पुन्हा तपासा.

विचार करा

१. एक यंत्र फक्त रेकॉर्डिंग करते, कोणत्याही लहरी बाहेर पाठवत नाही. ते ठेवणाऱ्याला चारपैकी कोणती गरज दुसऱ्यांदा भागवावी लागेल?
२. डिटेक्टरला २७०० मेगाहर्ट्झवर जोरदार आणि १८०० वर अगदी क्षीण उत्तर मिळाले. भिंतीत काय असावे? खात्री कशी कराल?
३. डोळे मिटा आणि आपल्या डॉर्मिटरीतल्या भिंतींवरच्या सगळ्या वस्तू आठवून लिहा. मग डोळे उघडून मोजा. जी वस्तू तुम्हाला आठवली नाही, तिथे उद्या काही बदल झाला तर तो तुमच्या लक्षात येईल का?