फ्लॅटचा भाव पाचपट झाला, देश किती श्रीमंत झाला?

प्रश्न : डोंबिवली पूर्वेला २००६ साली आम्ही १२ लाखांना वन बीएचके घेतला. आज एजंट ६० लाख सांगतो. आमच्या इमारतीतली सगळीच बिऱ्हाडं बसल्या जागी श्रीमंत झाली. देशाची संपत्तीही अशीच वाढते का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : अभिनंदन! पण देशाच्या पदरात यातलं फारसं काही पडलेलं नाही. तुम्ही घर विकलंत, तर तुमच्या हातात येणारे ६० लाख घेणाऱ्याच्या खिशातून, म्हणजे बहुधा त्याच्या वीस वर्षांच्या हप्त्यांतून येतील. खोल्या तेवढ्याच, स्वयंपाकघरातली ओलही तीच. देशाच्या उत्पन्नात या व्यवहारातून मोजली जाते ती एजंटची दलाली आणि कागदपत्रं करणाऱ्या वकिलाची फी, कारण नवं काम तेवढंच झालं. इमारत उभी राहिली तेव्हा मात्र संपत्ती खरोखर वाढली होती.

मग भाव का चढला? बरीचशी महागाई, आणि बाकी मुख्यतः स्टेशन. ते तुम्ही बांधलेलं नाही, मीही नाही.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला ३४ किलोमीटर गाडी धावली. पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली. १८६३ मध्ये भोर घाट आणि १८६५ मध्ये थळ घाट पार झाला. तोवर देशावरचा कापूस बैलांच्या पाठीवरून घाट उतरत असे, आणि पावसाळ्यात ती वाट जवळजवळ बंदच. तोच माल कमी माणसांत, कमी दिवसांत बंदरावर आला आणि सुटलेले हात दुसऱ्या कामाला लागले. संपत्ती वाढते ती अशी.

ती कुणाच्या घरात जाते, हा प्रश्न वेगळा. ही रेल्वे बांधणाऱ्या ब्रिटिश कंपनीला पाच टक्के परताव्याची हमी होती. मिळकत कमी पडली की भरपाई इथल्या महसुलातून होई. दादाभाई नौरोजी आयुष्यभर ज्या संपत्तीच्या गळतीबद्दल बोलले, तिच्यात असल्या रकमाही होत्या. आणि तुमची शंका मराठीत जुनीच आहे बरं का. ठाण्याची गाडी सुटायच्या चार वर्षं आधी, १८४९ मध्ये, लोकहितवादींचं ‘लक्ष्मीज्ञान’ हे अर्थशास्त्रावरचं पुस्तक आलं होतं.

आता आजच्या डोंबिवलीकडे या. सकाळी फलाटावर गाडीत शिरायलाच मिळत नाही, म्हणून कित्येक जण आधी उलटे कल्याणला जातात, तिथे सीट पकडतात आणि त्याच गाडीने डोंबिवलीवरून पुढे मुंबईला निघतात. त्या फेरीतून ना पगार मिळतो, ना विश्रांती. ठाणे-दिवा पाचव्या-सहाव्या मार्गिकेची पायाभरणी २००८ मध्ये झाली. काम २०१५ ला संपायचं होतं. मार्गिका सुरू झाली फेब्रुवारी २०२२ मध्ये, आणि लोकलच्या ३६ फेऱ्या वाढल्या. मधल्या सात वर्षांत लाखो लोकांचे किती तास गेले असतील, ते तुम्हीच अजमावा. मला विचाराल तर देश गरीब राहतो तो अशा ठिकाणी.

कारखाने जाऊन टॉवर आले, याची हळहळ मात्र मी सरसकट करणार नाही. ठाण्याची रेमंडची गिरणी १९२५ ची; २००९ मध्ये ती थांबली आणि २०१९ पासून त्या जमिनीवर कंपनीच घरं बांधू लागली. घर हीसुद्धा संपत्तीच. तिथले हात आणि ती जमीन जास्त कमाईच्या कामाला लागली, तर तोटा नाही. पण कल्याणजवळच्या मोहन्याचा एनआरसी हा कारखाना २००९ मध्ये बंद पडला, तेव्हा कामगारांना तसं काम आपोआप मिळालं नाही. शिवाय घर एकदा बांधून होतं. यंत्र मात्र रोज काही ना काही बनवत राहतं. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एखाद्या गाळ्यात जा. साध्या लेथवर टर्नर एकेक नग स्वतः मोजत, घासत बसतो. शेजारच्या सीएनसीवर तोच माणूस प्रोग्रॅम चढवतो आणि पाळीभरात कितीतरी पट नग काढतो. फरक यंत्राचा, आणि ते चालवायला शिकल्याचा. आपल्याकडे पैसा या दोन्हींपेक्षा चौरस फुटांकडे लवकर धावतो, हे मला खटकतं.

तुमच्या इमारतीतल्या कुणी त्या ६० लाखांच्या घरावर कर्ज काढून एमआयडीसीत असं एखादं मशीन टाकलं, तर जरूर कळवा. त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागेल.