पाइप मोजला, पाणी मोजलं नाही

चैत्रातल्या एका लग्नासाठी आम्ही औंढ्याला गेलो होतो. सकाळी निघालो ते रात्री दहाला हिंगोलीत परत आलो. दुपारी वारं सुटलं, लाइट गेली आणि पाच तासांनी आली, हे शेजारच्या वहिनींनी दारातच सांगितलं. मी तशीच गच्चीवर धावले. तिथे पाइपांत मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर माझी बाग होती. मोबाइलच्या उजेडात बघितलं, तर बत्तीस कपांतला पालक आणि कोथिंबीर माना टाकून पडली होती. पंप पुन्हा सुरू झाला होता, पाणी खळखळत होतं, पण ते पिणारं कुणी उरलं नव्हतं.

एक रोप कपासकट उपसलं. चांगली मुळी कशी असते ते आता मला ठाऊक आहे: पांढरीशुभ्र, रिळाच्या दोऱ्यासारखी, ओढली तर ताण धरणारी. माझ्या हातातली मुळं जास्त शिजलेल्या शेवयांसारखी होती, तपकिरी आणि बुळबुळीत. चिमटीत धरून ओढल्यावर वरची साल बोटांना चिकटून आली आणि आत नुसता बारीक धागा राहिला. वास तुंबलेल्या नालीचा.

त्या रात्री वाटलं, लाइटीनं घात केला. पण साल अशी सुटायला पाच तास पुरत नाहीत. ती मुळं आठ-दहा दिवसांपासून कुजत आली होती आणि रोज सकाळी वरची हिरवी पानं बघून मी समाधानानं खाली उतरत होते. तेव्हापासून मी पानांआधी मुळं बघते. आठवड्यातून एकदा दोन-तीन कप उचलून बघायचेच.

बाग करावीशी वाटली त्याचं कारण साधं. घर वाढवताना अंगण गेलं, आणि उन्हाळ्यात पालेभाजीची जुडी महाग होते, शिवाय तिच्यावर काय फवारलंय ते कळत नाही. खर्च साडेचार हजारांच्या आसपास आला. ११० मिलिमीटरचे चार पाइप, प्रत्येकात दोन इंची आठ भोकं, जाळीचे कप, कोकोपीट, कूलरचा पंप, झाकणाची टाकी. सगळ्यात जास्त पैसे लोखंडी अँगलच्या सांगाड्याला लागले. मी टेपनं पाइप मोजत बसले होते तेव्हा सासरे (मी त्यांना मामा म्हणते) गच्चीवर आले. वसमत तालुक्यातल्या रानात त्यांनी आयुष्यभर हळद केली, ठिबक त्यांच्या हाताखालून गेलेलं. थोडा वेळ बघून म्हणाले, "माय, पाइप मोजायलीस, पाणी कुठं मोजलंस?"

मी "हो, बघते" म्हटलं आणि भोकं पाडायला घेतली. माझी मूळ चूक ती.

आमचं पाणी बोअरचं. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणातून आलेलं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. त्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याआधी स्वयंपाकघरात बघा: तुरीची डाळ लवकर शिजत नसेल, साबणाला फेस येत नसेल, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसत असेल, तर तुमचं पाणीही तसंच आहे. मी टीडीएसचा पेन घेतला तो महिनाभरानं. नुसत्या बोअरच्या पाण्यात बुडवला तर ७८०. पालेभाजीच्या द्रावणाचा आकडा ७०० ते ८०० ठेवावा असं मी वाचलं होतं, म्हणून मी खत कमी-कमी करत गेले. मीटर भरलेला आणि रोपं उपाशी, असा तो महिना गेला. मीटर पाण्यात क्षार किती आहेत ते सांगतो, कोणते आहेत ते सांगत नाही. माझे ७८० चुन्याचे आणि मिठाचे होते. नत्र, पालाश त्यात जवळजवळ नव्हतंच.

दुसरी गोष्ट सामूची, म्हणजे पीएचची. मुळांना ५.५ ते ६.५ सामू मानवतो आणि आमचं पाणी आठच्या वर. एवढ्या सामूला पाण्यात घातलेलं लोह रोपाला मिळत नाही. म्हणून कोवळी पानं पिवळी पडत आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहत. ठिबकच्या नळ्या धुवायला शेतकरी फॉस्फोरिक आम्ल वापरतात, तेच इथे थेंबाथेंबानं चालतं. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा लावूनच हे काम करा आणि बाटली लेकरांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. जड पाण्याचा सामू आज उतरवला तरी एक-दोन दिवसांत पुन्हा चढतो, तेव्हा सामूच्या कागदाच्या पट्ट्या जवळ ठेवाव्यात. त्याहून सोपा उपाय म्हणजे पाणीच बदलणं. आता मी पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी पहिले दोन पाऊस सोडून पिंपात धरते. ते संपलं की फिल्टरच्या जारचं पाणी बोअरच्या पाण्यात मिसळते. खत घालण्याआधी मीटर ३०० च्या आत आणायचा, हा माझा नेम आहे. फिल्टरमधून वाया जाणारं पाणी यासाठी वापरा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, सगळे क्षार त्याच पाण्यात गोळा झालेले असतात.

खतात मी दोनदा चुकले. हळदीला सोडून उरलेलं १९:१९:१९ घरात होतं, तेच आधी घातलं. पण त्यातल्या नत्राचा मोठा हिस्सा युरियाच्या रूपात असतो. जमिनीतले जिवाणू त्याचं रूपांतर करतात तेव्हा तो पिकाला लागू पडतो. पाइपात ना माती, ना पुरेसे जिवाणू. शिवाय त्यात कॅल्शियम नाही, मॅग्नेशियमही नाही. हे कळल्यावर घाईनं कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट आणलं आणि दोन्ही एकाच बादलीत थोड्या पाण्यात कालवलं. बघता बघता पांढरा साका तळाला बसला. कॅल्शियम आणि सल्फेट एकत्र येऊन जिप्सम तयार झालं होतं. पैसे दिलेलं खत बादलीच्या बुडाशी, आणि त्याच साक्यानं पुढे पंपाची जाळी तुंबली.

आता माझं माप असं आहे. १०० लिटर चांगल्या पाण्याला कॅल्शियम नायट्रेट ८० ग्रॅम, १३:०:४५ हे ४० ग्रॅम, ०:५२:३४ हे २० ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ५० ग्रॅम, १२ टक्के लोहाचं चिलेट दीड ते दोन ग्रॅम आणि चिलेटेड मिश्र सूक्ष्म अन्नद्रव्य फार तर दोन ग्रॅम. पाकिटावर लिहिलेली फवारणीची मात्रा इथे घालू नका, ती मुळांना फार होते. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या भांड्यात विरघळवून भरलेल्या टाकीत सगळ्यात शेवटी सोडायचं. ही पूर्ण मात्रा फळभाजीची. पालेभाजीला चार खरी पानं येईपर्यंत निम्मी आणि पुढे पाऊण. ही सगळी खतं कृषी सेवा केंद्रात मिळतात, फक्त पाकिटं मोठी असतात. दोन-तीन घरांनी मिळून घेतली तर परवडतात. दर दोन-तीन आठवड्यांनी टाकी रिकामी करून नवं द्रावण भरते आणि जुनं पपई-कढीपत्त्याला देते, नालीत ओतत नाही.

मुळं मात्र खतानं कुजली नाहीत, ती उन्हानं कुजली. आमची गच्ची पश्चिमेची, टाकी काळी, स्लॅबवर उघडी. एप्रिलच्या दुपारी टाकीत हात घातला तर पाणी अंघोळीला काढल्यासारखं लागलं. थर्मामीटरनं ३६ अंश दाखवले. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो: २० अंशाला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३५ अंशाला सातच्या आसपास. त्याच वेळी मुळांची प्राणवायूची गरज वाढते आणि कुजवणाऱ्या बुरशीला ही ऊब मानवते. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. थंड प्रदेशातल्या माणसानं दाखवलेली बाग हिंगोलीच्या मे महिन्यात जशीच्या तशी उभी राहणार नाही. टाकी सावलीत ठेवा, तिच्याभोवती ओलं बारदान गुंडाळा, वर ५० टक्क्यांची शेडनेट बांधा, पाइप बाहेरून पांढरा रंगवा. पातळ पाइपातून उजेड आत जातो आणि आत शेवाळ धरतं, म्हणून पांढऱ्याच्या आधी काळा हात द्यावा. पाणी ३० अंशांच्या वर राहत असेल तर मे महिन्यात बाग सरळ बंद ठेवा. मी ठेवते. तेव्हा फक्त पुदिना जिना उतरतो आणि न्हाणीघराच्या बोळात सावलीला राहतो.

पंपाबद्दलही मी फसले. खोक्यावर सहा फूट लिहिलं होतं, मी सांगाडा साडेपाच फुटांचा केला. पण खोक्यावरचा आकडा म्हणजे जिथे पाणी चढायचं थांबतं ती उंची. वरच्या पाइपात करंगळीएवढी धारही येत नव्हती, म्हणून तीच ओळ आधी वाळली. या पंपावर तीन-साडेतीन फुटांच्या वर जाऊ नका. उंची कमी असली की दोन फायदे: पाणी नीट चढतं, आणि वळवाच्या वाऱ्यात सांगाडा आडवा होत नाही. भरलेला एक मीटर पाइप आठ-नऊ किलोचा होतो, तेव्हा सांगाडा भिंतीला बांधलेलाच हवा, आणि पत्र्याच्या छतावर तर नकोच. लाइट गेल्यावर पाइप कोरडा पडू नये म्हणून प्रत्येक पाइपाची निकासाची तोटी तळापासून इंचभर वर बसवा. पंप थांबला तरी इंचभर पाणी मुळांपाशी राहतं. ही तोटी माझ्या पाइपांना असती तर त्या लग्नाच्या दिवशी निदान दहा रोपं तरी वाचली असती. पाइप पिण्याच्या पाण्याचा घ्या, सांडपाण्याचा नको. टाकीच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, नाहीतर पालक खायला केलेल्या बागेत डेंगीचे डास वाढतील.

सगळं वाळल्यावर मामांनी त्यांचा जुना अनुभव सांगितला. २०१६ च्या उन्हाळ्यात, लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तेव्हा, त्यांनी ट्रेमध्ये मक्याचा विनामाती चारा केला होता. किलोभर मक्यापासून सहा-आठ किलो हिरवा चारा होतो असं सगळीकडे ऐकू येत होतं, आणि तेवढा झालाही. "पण माय, ते वजन पाण्याचं होतं. म्हशीचं पोट कडब्यानंच भरलं." त्यांचं म्हणणं खरं आहे. उगवताना दाणा आपल्यातलंच खर्चतो, कोरडं वजन उलट थोडं घटतं. दुष्काळात जनावराच्या तोंडाला हिरवं लागलं हा त्याचा मोलाचा उपयोग, पण कडब्याची जागा त्यानं भरून निघत नाही. पाण्यावरच्या शेतीबद्दल 'दहापट उत्पादन' ऐकलं की मला हे आठवतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या होगलंड आणि आर्नन या शास्त्रज्ञांनी १९३८ मध्येच माती, वाळू आणि द्रावण यांची शेजारी शेजारी तुलना करून दाखवली होती. चांगली माती आणि नीट निगा असेल तर उत्पादनात मोठा फरक पडत नाही. त्यांच्या नावाचं द्रावण आजही प्रयोगशाळांत वापरतात, तेव्हा हे काही या पद्धतीच्या विरोधकांचं मत नाही. ज्यांच्याकडे अंगण आहे त्यांनी अंगणातच पालक लावावा. माझ्यासारख्या अंगण नसलेल्यांसाठी हा मार्ग आहे, आणि तेवढ्यासाठी तो खरोखर चांगला आहे.

मी पुन्हा सुरुवात केली ती दिवाळीनंतर, पंपाशिवाय. हवाई विद्यापीठाचे बर्नार्ड क्राटकी यांनी ही बिनपंपाची रीत लोकांपुढे आणली. खाद्यतेलाचा १५ लिटरचा प्लास्टिकचा डबा घ्यायचा, गरम पाण्यानं आणि साबणानं तेलकटपणा पूर्ण घालवायचा, बाहेरून आधी काळा मग पांढरा रंग द्यायचा. झाकणाला दोन-तीन भोकं पाडून त्यात कप बसवायचे. द्रावण कपाच्या बुडाला जेमतेम टेकेल एवढंच भरायचं. रोप पाणी पितं, पातळी उतरते, आणि उघडी पडलेली वरची मुळं हवेतला प्राणवायू घेतात. म्हणून पुन्हा काठोकाठ भरायचं नाही, भरलं तर हीच मुळं गुदमरतात. लाइट नाही, पंप नाही, आवाज नाही. पहिल्या डब्यातला पालक मी महिना-सव्वा महिन्यानं कापला, बाहेरची पानं आधी. मामांनी एक कप उचलला, मुळं उजेडात धरून बघितली आणि काही न बोलता परत ठेवला.

पाइपांची शिडी आम्ही पुढच्या हिवाळ्यात पुन्हा उभी केली, तीनच मजल्यांची, कमरेच्या थोडी वर. पालक, कोथिंबीर, लेट्यूस, पुदिना एवढंच तिच्यात घेतो. मेथी उथळ ट्रेमध्ये बरी येते, अंबाडी रानातूनच आणतो.

तुम्हाला करायचं असेल तर वेल्डिंगवाल्याकडे जाण्याआधी बाटलीभर पाणी माती-पाणी परीक्षणाला द्या. आपल्या जिल्ह्यात तोंडापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे चौकशी करा. अहवाल हातात आल्यावर, दिवाळीनंतर, तेलाचा एकच डबा लावा. तो एक हंगाम नीट गेला तरच पाइप विकत घ्या.