जुन्या मारुती ८०० चा सायलेन्सर

प्रश्न : माझी मारुती ८०० २००६ ची आहे. सायलेन्सर गंजून फुटलाय. गॅरेजवाले पूर्ण सेट बदला म्हणतात. स्वस्तात काय करता येईल? – एक वाचक, उमरगा

उत्तर : पूर्ण सेट घेण्याची घाई करू नका. गाडी रॅम्पवर चढवून नेमकं कुठे फुटलंय ते बघा. गंज बहुधा मागच्या डब्याला लागतो, कारण थोड्या अंतराच्या फेऱ्यांत आतलं पाणी वाळत नाही. तेवढाच डबा, गॅस्केट आणि लटकवायचे रबर बदला. पाइपाला लहान भोक असेल तर वेल्डिंग चालतं. त्याआधी बॅटरीची वायर मात्र काढायला लावा. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, तरी गाड्या भरपूर असल्याने इतर कंपन्यांचे डबे मिळतात. धाराशिवात नाही मिळाला तर सोलापूरला विचारा. जुना डबा सोबत न्या, फ्लॅंज आणि भोकं जुळवून घ्या.

भंगारातला डबा घेऊ नका, तो आतून सडलेला असू शकतो. पैसे वाचवायला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून सरळ पाइप तर मुळीच बसवू नका. धूर वाढतो, पीयूसी अडते आणि मोटार वाहन कायद्यानुसार १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दुरुस्ती होईपर्यंत काचा उघड्या ठेवा. गळणाऱ्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही.