चमकणाऱ्या कोई माशांची पारख

कापडाच्या धंद्यात चमक दोन तऱ्हेची असते. टिश्यूच्या साडीत जरीचा धागा सर्वांगात विणलेला असतो. टिकलीकामात चमक सुटी सुटी टाकलेली असते. देहूच्या आसपास बंगला बांधून अंगणातल्या हौदात कोई मासे सोडू पाहणाऱ्यांनी हाच फरक ध्यानात ठेवावा, कारण चमकीच्या नावावरच मालाचा भाव चढतो.

कोई म्हणजे जपानच्या निइगाता भागातील शेतकऱ्यांनी जोपासलेला रंगीत कार्प. त्याची चमक ग्वानिन या पदार्थाच्या बारीक स्फटिकांवरून उजेड परतल्याने येते.

पहिला प्रकार हिकारी. हे आपले टिश्यू. मासा डोक्यापासून परांपर्यंत धातूसारखा झळकतो. एकरंगी सोनेरी ओगोन याच जातीचा. सावाता आओकी यांनी अनेक वर्षे निवड करीत तो १९४० च्या दशकात सिद्ध केला. याची पारख कपाळावर करावी. तेथे डाग किंवा काळसरपणा असेल तर माल हलका.

दुसरा प्रकार गिनरिन. ही टिकली. येथे एकेक खवला चमकतो. पांढऱ्या रंगावर रुपेरी, तांबड्यावर सोनेरी दिसतो. पूर्ण खवला चमकला तर बेतागिन, फक्त कड चमकली तर कादोगिन, मधोमध मोत्यासारखा फुगीर ठिपका असेल तर पर्ल, आणि काचेच्या चुऱ्यासारखी लकाकी असेल तर डायमंड. पाठीवर चमकीच्या ओळी सलग आहेत की तुटक, हे पाहावे.

तिसरे नाव दोइत्सु. जर्मन कार्प १९०४ मध्ये जपानात नेले गेले, त्यांच्यापासून ही जात निघाली. हिच्या अंगावर खवले नसतात, किंवा पाठीवर व बाजूला मोजकेच असतात. त्यामुळे दोइत्सु मासा ओगोन असू शकतो. मात्र ‘सर्वांगी गिनरिन’ म्हणून कोणी तो दाखवला तर सौदा करू नये. खवलाच नाही, तर टिकली बसणार कशावर?

जाणते गिऱ्हाईक कापड दुकानाच्या दारात, उजेडात नेऊन पाहते. मासाही ट्यूबलाइटखाली घेऊ नये. दिवसाउजेडी, वरून पाहावा.

आणि हौस फिटली म्हणून कोई इंद्रायणीत सोडू नये. देहूच्या डोहातले महसीर भाविकांनी जपले आहेत. परका कार्प तळ ढवळून पाणी गढूळ करतो. आपल्या हौसेचा तोटा नदीने का सोसावा?