जुनी मोटार घेताना : किंमत नव्हे, खर्च पाहा

‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ ही म्हण वाहनकर्जाच्या टेबलावर बसणाऱ्या अधिकाऱ्यास वारंवार आठवते. वापरलेली मोटार घेऊ इच्छिणारा ग्राहक बहुधा एकच आकडा घेऊन येतो : गाडीची किंमत. वस्तुतः किंमत एकदाच द्यावयाची असते, खर्च मात्र दरमहा करावयाचा असतो. प्रस्तुत लेखात या खर्चाचा विचार एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे करू.

आनेकल हा बेंगळुरू नगर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा तालुका. येथून चंदापूरला आले की राष्ट्रीय महामार्ग ४४ लागतो. डावीकडे बोम्मसंद्र, इलेक्ट्रॉनिक सिटी व सिल्क बोर्ड. उजवीकडे अत्तिबेले आणि त्यापलीकडे तमिळनाडूतील होसूर. आमच्या शाखेतील एक ग्राहक मूळचे निपाणीकडील, एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. घरभाडे परवडते म्हणून राहणे आनेकलला आणि नोकरी सिल्क बोर्डाजवळ. जाऊन-येऊन रोज सुमारे साठ किलोमीटर प्रवास, तोही आठवड्यातून तीन-चार रात्री मोटारसायकलवर, मालमोटारींच्या रांगेतून. पावसाळ्यात एकदा गाडी घसरली. इजा किरकोळ होती. परंतु त्यानंतर ते घरी पोहोचेपर्यंत त्यांची पत्नी जागी राहू लागली.

“साहेब, २०१३ सालची डिझेल गाडी दोन लाख साठ हजारांत मिळते आहे. मुलीच्या नावची ठेव मोडतो, उरलेले कर्ज द्या,” असे म्हणत ते आले. वीस हजार रुपये इसार त्यांनी आधीच दिला होता.

प्रथम गरज तपासावी

मोटार खरोखरच हवी काय, हा पहिला प्रश्न होय. ऑगस्ट २०२५ मध्ये नम्म मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली. आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र या १९.१५ किलोमीटरच्या मार्गावर १६ स्थानके असून त्यांत इलेक्ट्रॉनिक सिटी व सिल्क बोर्डही आहेत. दिवसपाळीच्या नोकरदाराने बोम्मसंद्रपर्यंत दुचाकी वा बस आणि पुढे मेट्रो असा हिशेब आधी मांडावा. आमच्या ग्राहकाची अडचण रात्रपाळीची होती. म्हणून त्यांच्या बाबतीत मोटारीची गरज मान्य करावी लागली.

महामार्गास योग्य गाडी

गावातल्या गावात फिरण्यास आठशे सीसीची गाडी पुरते. महामार्गावर मात्र अवजड वाहनास ओलांडताना इंजिनात जोर हवा. त्या दृष्टीने हजार ते बाराशे सीसीची पेट्रोल गाडी हा मध्यममार्ग होय. वॅगन आर, स्विफ्ट, ग्रँड आय १०, टियागो या गाड्या या गटातील. त्यांचे सुटे भाग व कारागीर सहज मिळतात. डिझेल गाडीस इंधन कमी लागते. परंतु तिच्या इंजेक्टर, टर्बो यांसारख्या भागांची एक मोठी दुरुस्ती ती बचत गिळून टाकते.

वर्षाची निवड सुरक्षिततेवरून करावी. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस ब्रेक आणि जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग, सीटबेल्टची सूचना व वेगमर्यादेची घंटी सक्तीची झाली. शेजारच्या आसनाची एअरबॅग सर्व मोटारींना २०२२ च्या आरंभापासून बंधनकारक झाली. म्हणून महामार्गावर रोज जाणाऱ्याने शक्यतो जुलै २०१९ नंतर बनलेलीच गाडी घ्यावी. २०१३ ची गाडी स्वस्त दिसते, त्यामागे हेही एक कारण असते.

किमतीची तुलना विक्रेत्याच्या जुन्या बिलाशी करू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तेव्हा त्याच गाडीची आजची नवी किंमत विचारावी आणि मगच घासाघीस करावी.

महिन्याचा हिशेब

रोज ६० किलोमीटर व महिन्यास २४ दिवस धरल्यास १,४४० किलोमीटर होतात. लिटरमागे १६ किलोमीटर धावणाऱ्या गाडीस ९० लिटर पेट्रोल लागेल. हिशेबाच्या सोयीसाठी लिटरचा दर १०० रुपये धरू. तीन लाखांचे कर्ज १२ टक्के दराने तीन वर्षांसाठी घेतल्यास, विमा व देखभालीचे आकडे अंदाजाने धरून, महिन्याचा खर्च असा होतो :

कर्जाचा हप्ता — ९,९६४ रुपये
पेट्रोल — ९,००० रुपये
विमा — ८०० रुपये
देखभाल व टायर — २,५०० रुपये
एकूण — २२,२६४ रुपये

टोल व पार्किंग वेगळे. म्हणजे हप्त्याहून अधिक पैसा रस्त्यावर खर्च होतो. हा आकडा पाहून आमचे ग्राहक काही वेळ गप्पच राहिले. त्यांनी केवळ हप्ता मोजला होता.

व्याजाचा दर नीट वाचावा

हप्ता लहान व्हावा म्हणून मुदत वाढविण्याचा मोह होतो. तेच कर्ज पाच वर्षांसाठी घेतल्यास हप्ता ६,६७३ रुपयांवर येतो. परंतु एकूण व्याज सुमारे ५८,७०० वरून सुमारे १,००,४०० रुपयांवर जाते. शिवाय जुन्या गाडीचे मूल्य घटत असते. कर्ज गाडीहून जास्त काळ जगू नये.

दुसरी फसगत ‘फ्लॅट’ दराची. कोणी ‘केवळ ८ टक्के’ म्हणून तीन वर्षांसाठी तीन लाख देऊ केले, तर मूळ रकमेवर तिन्ही वर्षे व्याज आकारून हप्ता १०,३३३ रुपये होतो. घटत्या शिलकीच्या हिशेबाने तो दर साडेचौदा टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे आठ टक्क्यांचे कर्ज बारा टक्क्यांच्या कर्जाहून महाग ठरते! ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार कर्जदारास ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे आवश्यक आहे. त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर दिलेला असतो. तुलना त्याच दराची करावी. ज्यांची मुदतठेव आहे त्यांनी ठेवीवरील कर्जाचा दरही विचारावा. तो बहुधा कमी असतो.

गाडीची तपासणी

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. निळसर धूर निघाल्यास इंजिन ऑइल जाळत आहे असे समजावे. ताशी ८० च्या वेगास स्टिअरिंग थरथरते काय, ब्रेक लावताच गाडी एका बाजूस ओढते काय, हे स्वतः चालवून पाहावे. टायरवरील शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा व वर्ष सांगतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. किलोमीटरच्या आकड्याचा पडताळा सर्व्हिसच्या नोंदींशी घ्यावा.

सप्टेंबर २०२२ मध्ये बेंगळुरूत सर्जापूर रस्त्याच्या परिसरात अनेक मोटारी पुराच्या पाण्यात बुडाल्या होत्या, हेही ध्यानात ठेवावे. सीटबेल्ट पूर्ण ओढून त्यावर चिखलाची रेषा दिसते काय आणि स्टेपनीच्या खोलगट जागेत गंज आहे काय, हे पाहावे. कारागीर आपल्या ओळखीचा न्यावा, विक्रेत्याने सुचविलेला नव्हे.

कागदपत्रे

आमच्या ग्राहकाचा व्यवहार येथेच अडला. नोंदणी प्रमाणपत्रावर एका कर्जपुरवठादार कंपनीची हायपोथिकेशनची नोंद होती. ‘कर्ज फेडले आहे, पत्र येईल,’ एवढेच विक्रेता सांगत राहिला. अशी नोंद असल्यास त्या कंपनीचे पत्र व फॉर्म ३५ हाती आल्याखेरीज पैसे देऊ नयेत. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर ही नोंद व थकीत दंड इसार देण्यापूर्वीच पाहता येतात.

मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ व ३० लागतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार, राज्यांतर्गत व्यवहार असल्यास विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत हस्तांतरण कळवावयाचे असते. गाडी विकणाऱ्यांनीही हे टाळू नये. नोंदणीत ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईस मालक म्हणून जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. विम्याच्या हस्तांतरणाचा अर्ज १४ दिवसांत करावा. नो-क्लेम बोनस मात्र जुन्या मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. फास्टॅगही आपल्या नावे नवा घ्यावा.

आनेकल सीमेलगतचा तालुका असल्याने होसूरकडील वा गावाकडील महाराष्ट्र क्रमांकाची गाडी स्वस्त वाटू शकते. परंतु परराज्यातील गाडीस फॉर्म २८ चे ना हरकत प्रमाणपत्र, बारा महिन्यांहून अधिक वापर असल्यास पुनर्नोंदणी आणि कर्नाटकाचा आजीवन कर या बाबी येतात. त्या धरूनच किंमत ठरवावी.

खरेदीपूर्वीची चाचणी

आम्ही त्या ग्राहकास एक साधा उपाय सुचविला. गाडी घेतली आहे असे समजून, मोटारसायकलचा चालू खर्च वजा जाता दरमहा वीस हजार रुपये चार महिने वेगळे ठेवावेत. जमले तर गाडी परवडते. न जमल्यास ते कोणतेही कर्ज अंगावर न घेता कळते. इसारापैकी पंधरा हजार रुपये त्यांना तीन आठवड्यांनी परत मिळाले. पाच हजार बुडाले. चार महिन्यांनी ऐंशी हजारांची शिल्लक घेऊन ते पुन्हा आले आणि २०२० ची पेट्रोल गाडी तीन लाख ऐंशी हजारांत घेतली. कर्ज तीन लाख, मुदत तीन वर्षे. मुलीची ठेव जशीच्या तशी आहे.

नंतर एकदा पासबुक भरण्यास आले असता ते म्हणाले, “घरची आता रात्री झोपते, साहेब.” गाडी घेण्याचे कारण तेच होते. त्या झोपेत हप्त्याची चिंता शिरू नये, एवढी काळजी खरेदीपूर्वी प्रत्येकाने घ्यावी.